सुतारकामाची उमेदवारी : मुलाला कामाला लावताना

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकाच प्रश्नावर बोलणे सुरू होते. मुलाचे गुण बेताचे आहेत, महाविद्यालयात नाव घालून तीन-चार वर्षे वाट पाहण्याची ऐपत नाही, जमीन असलीच तर ती कोरडवाहू. मग मुलाने करावे काय? धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत सरकारदप्तरी हा उस्मानाबाद जिल्हा होता) ह्या प्रश्नाचे एक उत्तर जवळजवळ ठरून गेले आहे. पुण्याला कोणी ओळखीचे असेल त्याच्याकडे मुलाला पाठवून द्यायचे. तेथे तो फर्निचरच्या कामावर 'हेल्पर' म्हणून लागतो. रोजची हजेरी मिळू लागते, घरी चार पैसे येऊ लागतात आणि आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात. चार वर्षांनी मुलगा गावी परततो तेव्हाही तो हेल्परच असतो. प्लायवूडचे तक्ते जिन्यावरून वर चढवणे, सनमायका पुसणे, भुसा झाडणे आणि मिस्त्रींसाठी चहा आणणे एवढीच विद्या त्याच्या पदरी पडलेली असते.

कामाला लागणे आणि काम शिकायला लागणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील फरक पहिल्याच दिवशी पालकांच्या लक्षात आला, तर मुलाच्या आयुष्यातील चार वर्षे वाचू शकतात. म्हणून सुतारकामाच्या उमेदवारीविषयी, म्हणजे ह्या धंद्यातील पहिल्या वर्ष-दोन वर्षांविषयी, येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहोत.

गावगाड्यातील सुतार

मराठवाड्याच्या खेड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, वखर, कुळव, तिफण, जू, बैलगाडी ही सारी त्याच्या हातची कामे. लाकूड बहुधा बाभळीचे. चिवट, जड आणि घर्षणाला न जुमानणारे. पेरणीच्या तोंडावर सुताराच्या दारात शेतकऱ्यांची रीघ लागे आणि सुगी झाली की खळ्यावर त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. पुढे लोखंडी अवजारे आली, त्यामागून ट्रॅक्टर आला आणि तिफणीचे काम संपले. गावचा सुतार दारे-खिडक्यांकडे वळला, काही जण सेंट्रिंगच्या कामात गेले, काहींनी तालुक्याच्या ठिकाणी दुकान थाटले.

ह्या व्यवस्थेत विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. सहा वर्षांचे पोर बापाशेजारी बसून लाकडाच्या ढलप्यांशी खेळे, दहाव्या वर्षी करवतीचे दुसरे टोक धरी आणि मिसरूड फुटेपर्यंत त्याला कोणी न शिकवताच पुष्कळसे आलेले असे. पण ज्यांच्या घरी रंधा आणि वाकस नव्हते त्यांच्या मुलांना ह्या विद्येचे दार बंदच होते. आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबे त्या दुसऱ्या गटातील आहेत, हे आपण जाणतोच. त्यामुळे आपला मुलगा सुतारकामाला निघतो तेव्हा त्याच्या हाती वडिलोपार्जित काहीच नसते. त्याला सारे बाहेरच शिकावे लागते आणि बाहेरचा माणूस आपणहून शिकवीलच असे नाही. मिस्त्रीलाही त्याचे पोट आहे. आज ज्याला शिकवावे तो उद्या समोरच दुकान टाकील ही भीती त्याला असते. ती अगदीच निराधार असते असेही आम्हांला वाटत नाही.

आपल्या मंदिरांतील चित्रांत संत योसेफ करवत वा रंधा घेऊन उभे असतात आणि शेजारी बाळ येशू काहीतरी धरून मदत करीत असतो. शुभवर्तमानात योसेफासाठी आणि येशूसाठी जो मूळ ग्रीक शब्द येतो तो 'टेक्टॉन'. त्याचा अर्थ केवळ मेज-खुर्ची करणारा असा नाही. घरे बांधणारा, लाकडाचे बांधकाम करणारा कारागीर असाही होतो. त्या अर्थाने नाझरेथचा सुतार आणि आपल्याकडील माळवदाची घरे उभारणारा सुतार हे एकाच धंद्याचे. ती माळवदे आपण थोडी पाहून घेऊ, कारण जोडकामाचे महत्त्व त्यांच्याइतके दुसऱ्या कशातून कळणार नाही.

जोड आणि जीव

जुन्या माळवदी घराचे माप खणांवर सांगत. दोन खांबांच्या ओळींमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणी घर, आठ खणी घर असे बोलले जाई. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, त्यांवर किलचा किंवा फळ्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट रुंद. उन्हाळ्यात हे घर गार राही. पावसाळ्यात गळू लागले की वर आणखी पांढरी माती टाकत आणि अशा रीतीने वर्षानुवर्षे छताचा थर वाढत जाई. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट माती असेल तर ती दोनशे घनफूट झाली. घनफुटाला चाळीस किलो धरले तरी झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर आठ टन वजन झाले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील सास्तूरसारखी गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांच्या घरातील माणसे गेली त्यांना ह्या आकड्याचा अर्थ आम्ही सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर तज्ज्ञांनी पडलेली आणि न पडलेली घरे तपासली. भिंतींचे दगड गोलसर, मातीत बसवलेले, भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही थरांना बांधून ठेवणारे सांधदगड नसलेले. म्हणून भिंती फुटून कोसळल्या होत्या. परंतु काही घरांत एक वेगळेच दृश्य होते. भिंती ढासळल्या होत्या आणि खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा मात्र कललेल्या अवस्थेत का होईना, उभा होता. जेथे लाकूड शाबूत आणि जोड घट्ट होते तेथे असे घडले. जेथे खांबाचा पाया कुजलेला होता, जोड सैल होते, तेथे वरची सारी माती खाली आली.

असे का झाले हे समजून घेणे उमेदवारासाठी मोलाचे आहे. जुन्या सांगाड्यात खांबाच्या माथ्याची कूस हस्ताच्या खोबणीत बसवलेली असे आणि वरच्या वजनानेच ती जागेवर राही. वरून खाली येणारा भार तो जोड शंभर वर्षे सहज पेली. पण भूकंपाचा धक्का आडवा असतो. आडव्या धक्क्याला अडवील असे त्या जोडात काहीच नव्हते. पुढे जुनी घरे मजबूत करण्यासाठी ज्या सूचना देण्यात आल्या त्यांत छतावरची माती कमी करणे, भिंतींना बांधून घेणे आणि खांब व तुळई ह्यांच्या कोपऱ्यात तिरके लाकडी आधार ठोकणे ह्या गोष्टी होत्या. तिरका आधार म्हणजे काय, तर त्रिकोण. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. हातगाडीची दांडी असो, दाराचे झडप असो की मंडपाचा सांगाडा असो, सुताराला हा एक नियम आयुष्यभर पुरतो.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, घरे सिमेंटची झाली आणि माळवद बांधणारे हात हळूहळू थांबले. लाकडी घराची लोकांनी धास्ती घेतली. ती समजण्यासारखी आहे. तरी दोष लाकडाचा होता असे आम्हांला वाटत नाही.

पहिले वर्ष : माप, धार, लाकूड, जोड

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू. नवा मुलगा दुकानात येतो तेव्हा त्याची नजर यंत्रांवर असते. त्याला वाटते, कटर आणि ड्रिल चालवता आले की आपण मिस्त्री झालो. खरे तर यंत्र चालवणे आठवड्याभरात येते. वेळ लागतो तो पुढील गोष्टींना.

पहिली गोष्ट माप. आपल्याकडे कारागीर आजही इंच आणि सूत बोलतो. एका इंचाचे आठ सूत. प्लायवूडची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये येते, १८, १२, ६ अशी. तक्ता आठ फूट लांब, चार फूट रुंद. उमेदवाराला दोन्ही भाषा यायला हव्यात आणि एकीतून दुसरीत जाताना चूक होता कामा नये. सवयीच्या चुका ठरलेल्या असतात. टेपचे टोक झिजलेले असते आणि माप सूतभर चुकते. करवतीच्या पात्याची जाडी सुमारे तीन मिलिमीटर लाकूड खाते हे विसरले जाते आणि शेवटचा फळा आखूड पडतो. म्हणून रेघेवर कापायचे नसते. टाकाऊ भागाच्या बाजूने, रेघ शिल्लक ठेवून कापायचे असते. चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून कळतेच, पण मोठ्या चौकटीला तेवढे पुरत नाही. तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट सरळ. गुण्या हाताशी नसेल तर एका बाजूवर तीन फूट, दुसऱ्या बाजूवर चार फूट खूण करावी आणि तिरके अंतर पाच फूट येते का ते पाहावे. शाळेत गणिताच्या तासाला कंटाळलेला मुलगा येथे तेच गणित आवडीने करतो, हे आम्ही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट धार. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा अधिक धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. पटाशीचे तोंड साधारण २५ अंशांत घासून मग टोकाशी ३० अंशांची बारीक धार काढतात. मागची बाजू दगडावर अगदी सपाट ठेवायची. ती जराही उचलली गेली की पटाशी बिघडली. धार लागली की नाही हे बोटाने पाहू नये. मऊ लाकडाच्या टोकाकडून, म्हणजे जेथे रेषांची तोंडे दिसतात तेथून, पातळ चकती निघते का ते पाहावे. लाकूड चुरगळले तर परत दगडाकडे जावे. जो मिस्त्री नव्या मुलाला पहिले काही दिवस केवळ धार लावायला बसवतो त्याच्यावर पालकांनी नाराज होऊ नये. तो शिकवतो आहे.

तिसरी गोष्ट खुद्द लाकूड, आणि हीच आजकाल सर्वांत दुर्लक्षित आहे. लाकूड तोडल्यानंतरही हलत राहते. हवा कोरडी झाली की ते आक्रसते, ओलावा आला की फुगते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत मात्र असतो. एक फूट रुंदीची सागवानी फळी वैशाख आणि श्रावण ह्यांच्या दरम्यान सूतभर कमीजास्त होऊ शकते. हलक्या लाकडाची त्याहून अधिक. आपल्या जिल्ह्यात उन्हाळा कडक, हवा अतिशय कोरडी आणि मग एकदम पाऊस. दार आषाढात अडकते आणि चैत्रात त्याच्या फटीतून उजेड दिसतो, ह्याचे कारण हेच. जुन्या सुतारांनी ह्यावर तोड काढली होती. पॅनेलच्या दरवाजात बाहेरची चौकट जोडांनी घट्ट करतात. मधले पॅनेल मात्र चौकटीच्या खाचेत सुटे ठेवतात. त्याला खिळा नाही, सरस नाही. ते आत आपल्यापुरते हलते आणि दार आपले माप सोडत नाही. ही गोष्ट ठाऊक नसलेला नवशिक्या उत्साहाने पॅनेललाही फेविकोल लावतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते. गिऱ्हाईक लाकडाला दोष देते, दुकानदार वखारीला.

प्लायवूडमध्ये पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसे हलत नाही. त्याच्या लोकप्रियतेचे हे मुख्य कारण. त्याचीही पारख शिकावी. तक्त्यावर भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. आय.एस. ३०३ हा सर्वसाधारण वापराचा आणि आय.एस. ७१० हा सागरी, म्हणजे पाण्याला अधिक टिकणारा. न्हाणीघराशेजारच्या कपाटाला कोणता घ्यावा हे गिऱ्हाइकाला सांगता आले की मुलावर विश्वास बसू लागतो.

चौथी गोष्ट जोड. एका लाकडाच्या टोकाला कूस आणि दुसऱ्यात तिच्या मापाची खोबण, हा सर्व जोडांचा आजोबा. कुशीची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. ती पातळ झाली तर कूस मोडते, जाड झाली तर खोबणीच्या भिंती फुटतात. खोबण आरपार असेल तर दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी खणत यावे. एकाच बाजूने घाव घातले तर पलीकडे लाकडाचा पापुद्रा उडतो. कूस हाताच्या दाबाने आणि मोगरीच्या एक-दोन हलक्या ठोक्यांनी बसली पाहिजे. हातोडीने धडाधड ठोकावी लागली तर लाकूड फाटेल, आपोआप आत गेली तर जोड ढिला. नव्या मुलाचे पहिले पाच-दहा जोड वाया जातातच. ते सरपणात न टाकता तारीख घालून एका कोपऱ्यात ठेवावेत असे आम्ही सुचवू. सहा महिन्यांनी ते पाहताना त्याला जे समाधान मिळते ते कोणत्याही शाबासकीत नाही. मग हाफ लॅप, मग खणांच्या कोपऱ्यांना लागणारा डव्हटेल असे पुढे जाता येते.

आजच्या कपाटांत स्क्रू आणि फेविकोल एवढ्यावर काम भागते, मग हे सारे कशाला, असे विचारणारे भेटतील. स्क्रू-फेविकोलचे काम दहा जण करतात आणि त्याचा भाव तेवढाच राहतो. देवळाचे दार, मंदिरातील बाक, जुन्या वाड्याची दुरुस्ती, सागवानी चौकट अशी कामे आली की जोड येणाऱ्या माणसाला शोधावे लागते.

तुरीनमधील एक करार

आता पालकांनी काय विचारावे ह्याकडे येऊ. येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक कागद फार उपयोगी पडतो. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी इटलीतील तुरीन शहरात एका सुतारकामाच्या उमेदवारासाठी करार लिहिला गेला. एका बाजूला मालक सुतार, दुसऱ्या बाजूला मुलगा आणि त्याचे वडील, आणि साक्षीला नव्हे तर मुलाच्या पाठीशी जबाबदार म्हणून उभे असलेले धर्मगुरू जॉन बोस्को, ज्यांना १९३४ मध्ये संतपद देण्यात आले. खेड्यांतून कामासाठी तुरीनला येणाऱ्या मुलांची त्या काळी जी पिळवणूक होई ती त्यांनी कारखान्यांत आणि बांधकामांवर जाऊन स्वतः पाहिली होती.

करार मुद्रांकित कागदावर होता. मालकाने दोन वर्षांत मुलाला सुतारकला शिकवावी. चूक झाली तर शब्दांनी समज द्यावी, अन्य मार्गाने नाही. त्याला धंद्याशी संबंध असलेलेच काम द्यावे, बाहेरचे नाही, आणि ते त्याच्या शक्तीबाहेरचे नसावे. सणाचे दिवस मोकळे सोडावेत. मुलानेही मन लावून शिकावे, आज्ञा पाळावी, नुकसान केल्यास जबाबदारी घ्यावी. पावणेदोनशे वर्षे होत आली तरी ह्या अटी वाचताना पुण्यातील फर्निचरच्या कामावर चहा आणणारा आपला मुलगा डोळ्यांसमोर येतो. 'धंद्याशी संबंध असलेलेच काम' हे कलम त्याच्यासाठीच लिहिले असावे असे वाटते. पुढे बाहेरच्या दुकानांवर विसंबणे कमी व्हावे म्हणून डॉन बोस्कोंनी आपल्याच घरात कार्यशाळा काढल्या. सुतारकामाची १८५६ मध्ये सुरू झाली.

आपल्या देशात ह्या विषयावर कायदा आहे, शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१. त्याखाली उमेदवार आणि आस्थापना ह्यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी होते. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक करण्यात आले. चार ते एकोणतीस माणसे असलेली आस्थापना स्वेच्छेने घेऊ शकते. विद्यावेतनाचा किमान दर त्या वेळी शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवण्यात आला आणि दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. करार करताना त्या वेळचा चालू दर पाहून घ्यावा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा शिकणारा असतो, कामगार नसतो. उमेदवारी संपल्यावर त्याच जागी नोकरी मिळेलच असा हक्क त्यातून येत नाही.

त्याआधीची पायरी म्हणजे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिला आपण आय.टी.आय. म्हणतो. तेथील सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण मुलगाही चालतो. वय किमान चौदा. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हत्यार नव्हते त्यांच्यासाठी हे दार सर्वांत आधी उघडले, कारण तेथे बाप कोण हे विचारले जात नाही. प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. सुतारकाम सर्वच संस्थांत शिकवले जात नाही, म्हणून अर्जात पसंतिक्रम भरण्याआधी धाराशिव, सोलापूर, लातूर अशा आसपासच्या ठिकाणांची यादी पाहावी. वर्षअखेर मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते आणि त्यानंतर केलेल्या उमेदवारीचे निराळे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

अडचण अशी की उमरगा, तुळजापूर, कळंब येथील बहुतेक सुतारदुकाने दोन-तीन माणसांची आहेत. कायदा तेथपर्यंत पोचत नाही. आणि खरी हातची विद्या पुष्कळदा अशाच दुकानात असते. म्हणून आमचे सुचवणे असे आहे : अशा दुकानात मुलाला ठेवतानाही साधा कागद करावा. किती काळात काय शिकवणार, दरमहा काय देणार आणि ते कधी वाढवणार, सुट्टी कोणती, हत्यारे कोणाची, इजा झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, एवढे लिहावे आणि तुरीनचे ते कलम घालावे. धर्मग्रामातील फादर, धर्मशिक्षक किंवा एखादे जाणते गृहस्थ त्या वेळी हजर असले तर कागदाला वजन येते आणि मिस्त्रीलाही मुलाच्या वागणुकीची हमी मिळते. मिस्त्रींना हे अविश्वासाचे वाटू नये अशा शब्दांत बोलणे करावे. शिकवण्याचा मोबदला म्हणून पहिले सहा महिने मुलाने कमी पैसे घेतले तरी चालेल; हेल्परच्या हजेरीशी त्याची तुलना करू नये. दर दोन-तीन महिन्यांनी वडिलांनी दुकानात जाऊन नवे काय आले ते पाहावे. मुलगा तेव्हाही झाडूच मारीत असेल तर कागद दाखवून विचारावे.

'पीएम विश्वकर्मा' योजनेविषयी आमच्याकडे बरीच विचारणा होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ह्या योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाख रुपये कर्ज असे तिचे स्वरूप जाहीर झाले. ती हाताने काम करून स्वतःचा धंदा करणाऱ्या, अठरा वर्षांवरील कारागिरासाठी आहे आणि एका कुटुंबातील एकालाच तिचा लाभ मिळतो. नुकत्याच दुकानात बसलेल्या मुलाने तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

बोटे, फुप्फुसे आणि पहिली हत्यारे

चक्री करवत हे ह्या धंद्यातील सर्वांत धोक्याचे यंत्र. पात्यावरचे संरक्षक झाकण काढून ठेवण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आढळते, कारण त्याने काम थोडे लवकर होते. अठरा वर्षांखालील मुलाला ह्या यंत्रावर उभे करू नये, आणि मोठ्यालाही झाकणाशिवाय नाही. सैल बाह्या, मफलर, हातातील कडे वा दोरा, गळ्यातील लांब साखळी हे सारे कामाआधी काढावे. क्रूस घालायचा असेल तर तो सदऱ्याच्या आत राहील असा घालावा.

दुसरा धोका दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ असल्याचे म्हटले. नाकातील पोकळीचा कर्करोग त्याच्याशी जोडला जातो. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, चांगला मास्क लागतो. बंद खोलीत एम.डी.एफ. घासणे विशेष वाईट. मिस्त्री मास्क लावत नाहीत म्हणून मुलानेही लावू नये असे नाही.

पहिल्या पगारात मुलाने काय घ्यावे? मोबाइल नव्हे, एवढे आम्ही म्हणालो तर तरुण वाचक रागावतील. तरी सांगतो. चांगला टेप, एक गुण्या, अर्धा इंच आणि एक इंच रुंदीच्या दोन पटाश्या, धारेचा दोन बाजूंचा दगड, बारीक दातांची एक हातकरवत, मध्यम आकाराचा रंधा आणि मोगरी. मोगरी विकत घेऊ नये. ती बाभळीच्या ओंडक्यातून स्वतः करावी. डोक्यात आरपार खोबण, दांड्याला कूस, कुशीच्या टोकाला पाचर. तिचे डोके दांड्यावरून निसटले नाही तर त्याचा पहिला जोड जमला असे समजावे. निसटले तर बाभूळ आपल्याकडे मुबलक आहे.